चित्रांची उलटतपासणी

'गेल्या दहा वर्षांत अमुक गोष्ट तिप्पट झाली' असं कुणी नुसतं लिहून पाठवलं, तर आपण लगेच विचारतो, कशावरून? तेच विधान रंगीत आलेख होऊन आलं की हा प्रश्न ओठांवर येत नाही. आलेखच पुरावा वाटू लागतो. वाक्य खोडून काढायची आपल्याला सवय आहे. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेपासून चहाच्या टपरीपर्यंत आपण तेच करत आलो. चित्राशी भांडायचं कसं, हे मात्र कुणी शिकवलेलं नाही. शाळेत आलेख काढायला लावतात. कुणी तरी काढलेल्या आलेखावर शंका घ्यायला लावत नाहीत.

इंटरनेटवर गेल्या वीसेक वर्षांत माहितीची चित्रं काढणारी एक अख्खी कारागिरी उभी राहिली. वाऱ्याचे प्रवाह, देशोदेशींचं आयुर्मान, समुद्राची खोली, निवडणुकीचे निकाल, साथीचे आकडे, ज्याची म्हणून नोंद होते त्याचं कुणी ना कुणी चित्र करून ठेवलेलं आहे. त्यातली कित्येक इतकी देखणी आहेत की पाहतच राहावं. त्यांच्याबद्दल लिहिलं जातं तेही बहुधा 'या दहा वेबसाइट पाहाच' अशा थाटात. मला त्यांचं मोल देखणेपणात दिसत नाही. छापील चित्राला जे फारसं साधत नव्हतं ते त्यांनी साधलं: पाहणाऱ्याला चित्राची उलटतपासणी घेता येते. चित्र कुठून आलं, कोणत्या आकड्यांवर उभं आहे, दुसऱ्या बाजूनं पाहिलं तरी तेच सांगतं का, हे जागच्या जागी तपासता येतं. आणि नेमकी हीच सोय आपण रोज स्क्रीनशॉट काढून छाटून टाकतो आहोत.

उलटतपासणीला पुरून उरणारं चित्र कसं असतं, याचा नमुना इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घरापाशी एक काळी रेघ मारून नकाशा केला. रेघा ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाभोवती दाटल्या होत्या. ही गोष्ट सांगताना नेहमी असं सांगतात की स्नोंनी नकाशा पाहिला आणि त्यांना रोगाचं मूळ उमगलं. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. पटकी पाण्यातून पसरते, असं स्नो १८४९ पासून मांडत होते. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला गेला आणि नकाशा लोकांपुढे आला तो त्यानंतर. शोध आधीच लागलेला होता. नकाशा काढला तो न मानणाऱ्यांना पटवण्यासाठी.

पटतो तो मात्र नकाशात न बसणाऱ्या गोष्टींचा हिशेब लागतो म्हणून. पंपापासून जवळच, पोलंड स्ट्रीटवर गरिबांसाठीचं वर्कहाउस होतं. तिथे पाचशेच्या वर माणसं राहत होती, पण पटकीनं दगावली फक्त पाच. कारण संस्थेची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच बिअरच्या कारखान्यातले सत्तरएक कामगार बचावले. त्यांना प्यायला कारखान्याची बिअर मिळे, पंपाकडे ते फिरकतच नसत. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई पटकीनं गेली. चौकशी केली तेव्हा कळलं की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची आणि तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज गाडीवानाकरवी बाटली भरून मागवायची. 'मग हे कसं?' असं स्नोंच्या नकाशाला विचारता येत होतं आणि घरोघर हिंडून मिळवलेलं उत्तर त्यांच्यापाशी होतं. चित्र आणि त्यामागची नोंदवही एकमेकांना सोडून नव्हती.

कागदावर ही नोंदवही चित्रासोबत देणं महाग पडतं, म्हणून ती बहुधा गळते. वेबवर ती एका टिचकीच्या अंतरावर ठेवता येते. कॅमरन बेकारियो या प्रोग्रॅमरनं २०१३ च्या अखेरीस सुरू केलेलं 'अर्थ नलस्कूल' घ्या. काळ्या पार्श्वभूमीवर पृथ्वीचा गोल आणि त्यावरून वाहणारे वाऱ्याचे बारीक धागे. गोल हातानं फिरवता येतो. जुलैत तो अरबी समुद्रावर आणून थांबवा. विषुववृत्ताच्या खालून निघालेला वारा सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळतो, जोर धरतो आणि सरळ कोकणावर चाल करून येतो. मोसमी वाऱ्यांचा धडा पाठ करताना जे कधी डोळ्यांपुढे आलं नाही ते इथे काही सेकंदांत येतं. कुठेही टिचकी मारली की एक हिरवं वर्तुळ उमटतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि वाऱ्याचा वेग दिसू लागतो.

पण त्या पानावरची सगळ्यांत मोलाची जागा वेगळीच आहे. कोपऱ्यात 'अर्थ' हा शब्द आहे, त्यावर टिचकी मारली की एक फलक उघडतो. तारीख, वेळ, रंगांची मोजपट्टी आणि स्रोत: अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचं जागतिक मॉडेल. म्हणजे समोर दिसतं ते वाऱ्याचं छायाचित्र नव्हे, महासंगणकानं मांडलेलं गणित आहे. हे मॉडेल पृथ्वीवर कल्पनेचं जाळं टाकतं. जाळ्याच्या दोन गाठींमध्ये काही दहा किलोमीटरचं अंतर असतं आणि मधली जागा हिशेबानं भरून काढतात. सह्याद्रीतला एखादा घाट त्या जाळ्यात मावत नाही. धागे जितके सलग दिसतात तितकी आपली माहिती सलग नसते. हे मी उणं म्हणून सांगत नाही. फलक उघडणाऱ्याला ते कळू शकतं, हीच त्या चित्राची सचोटी.

'विंडी' या चेक संकेतस्थळावर आणखी एक पाऊल पुढे जाता येतं. तिथे हवामानाचं युरोपीय मॉडेल आणि अमेरिकी मॉडेल आलटून पालटून लावता येतात. समुद्रात वादळ तयार होत असताना, चार-पाच दिवस आधी, दोघांनी आखलेले मार्ग कित्येकदा वेगळे असतात. वादळ किनाऱ्याजवळ आलं की ते जुळत जातात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हापासून कोकणपट्टीत असली चित्रं पाहणं नवलाचं राहिलेलं नाही. मात्र बहुतेकांपर्यंत पोचतो तो एका मॉडेलचा, एका वेळचा, तारीख कापलेला स्क्रीनशॉट. दोन मॉडेलं शेजारी लावून पाहणाऱ्याला अनिश्चितता दिसते. स्क्रीनशॉट पाहणाऱ्याच्या हाती भविष्यवाणी पडते. आकडे तेच, मॉडेल तेच. मधल्या मध्ये चित्राचं बोलणंच बदलून गेलं.

नकाशांच्या बाबतीत ही तपासणी जास्तच गरजेची, कारण नकाशावर आपला फार विश्वास. जिल्हावार रंगवलेला महाराष्ट्राचा नकाशा आठवा. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे, मुंबई उपनगर जिल्ह्याचं ४४६. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत १०.७३ लाख माणसं होती, उपनगरात ९३.५७ लाख. म्हणजे नकाशावर गडचिरोलीला बत्तीसपट रंग मिळतो आणि माणसं उपनगरात जवळजवळ नऊपट. रोजगार असो, आजार असो, मतं असोत, विषय माणसांचा असेल आणि चित्र जमिनीचं असेल, तर उपनगरातला एक कोटीच्या घरातला समाज एका ठिपक्यात गडप होतो. विषय जंगलाचा असेल तर मात्र हाच नकाशा योग्य. तिथे गडचिरोलीचं पारडं जड असायलाच हवं. नकाशा खोटा नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता. म्हणून चांगल्या वेब-नकाशात एक कळ असते: जिल्हे क्षेत्रफळाप्रमाणे दाखवा, की लोकसंख्येच्या प्रमाणात वर्तुळं काढून दाखवा. ती कळ दाबून पाहिल्यावर दोन नकाशांतल्या फरकात खरी बातमी सापडते.

जगाच्या नकाशाचंही तेच. मर्केटरनं १५६९ मध्ये आपला नकाशा काढला तो खलाशांसाठी, दिशा सरळ रेषेत राखता याव्यात म्हणून. त्याची किंमत ध्रुवांकडच्या भूभागांनी फुगून चुकवली. २००५ पासून गूगल मॅप्सनं हीच पद्धत वेबसाठी रूढ केली आणि खलाशी नसलेले आपण सगळे तीच पृथ्वी पाहत राहिलो. 'द ट्रू साइझ' नावाच्या स्थळावर एखादा देश बोटानं उचलून दुसरीकडे नेता येतो. भारत उचलून उत्तरेला ग्रीनलंडच्या रांगेत नेला की तो वाढत वाढत जातो आणि आतापर्यंत प्रचंड वाटणारं ग्रीनलंड त्याच्या शेजारी लहान पडतं. भारत ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१.६६ लाख. हे आकडे कुठल्याही पुस्तकात आहेत. पण वर्षानुवर्षं डोळ्यांत बसलेलं चित्र आकड्यानं हलत नाही. ते हलवायला दुसरं चित्रच लागतं, तेही आपल्या हातानं सरकवलेलं.

सरासरी हीदेखील एक प्रकारची झाकणी असते. सातारा जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान एका रंगानं दाखवणारा नकाशा पाहणाऱ्याला काय सांगणार? त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्ही ठिकाणांची मिळून जी सरासरी निघेल तेवढा पाऊस दोन्हीकडे कधीच पडत नाही. चित्राला इथे विचारायचा प्रश्न एकच: आत शिरता येतं का? जिल्ह्यावरून तालुक्यात, तालुक्यावरून पर्जन्यमापकापर्यंत?

हे 'आत शिरणं' लोकांना शिकवण्यात स्वीडनचे डॉक्टर हान्स रॉसलिंग यांचा वाटा मोठा. २००६ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात दिलेल्या भाषणात त्यांनी देशांचे फुगे पडद्यावर धावायला लावले. एका अक्षावर दर स्त्रीमागे मुलं, दुसऱ्यावर आयुर्मान. १९६२ मध्ये फुग्यांचे दोन कळप स्पष्ट दिसतात: छोटी कुटुंबं आणि दीर्घ आयुष्य एकीकडे, मोठी कुटुंबं आणि अल्प आयुष्य दुसरीकडे. मग वर्षं सरकतात आणि दुसऱ्या कळपातला एकेक देश पहिल्याकडे निघतो. 'विकसित' आणि 'विकसनशील' ही दुफळी डोळ्यांदेखत विरघळते. क्रिकेटच्या समालोचकासारखा चढत जाणारा रॉसलिंग यांचा आवाज त्या यशाचा अर्धा भाग होता, हे मान्य करायला हवं. पण त्याच भाषणात त्यांनी देशांचे फुगे फोडून आतले गरीब-श्रीमंत थरही वेगळे करून दाखवले. आपल्याच फुग्यावर पहिली टाचणी त्यांनी स्वतः लावली. 'गॅपमाइंडर' या त्यांच्या संस्थेच्या स्थळावर ते भाषण न ऐकताही कुणाला वर्ष थांबवता येतं, अक्ष बदलता येतात, आकडे उतरवून घेता येतात.

त्यांच्या सूनबाई आना रॉसलिंग रोनलुंड यांनी 'डॉलर स्ट्रीट' उभं केलं. जगभरातल्या कुटुंबांच्या घरातले फोटो, महिन्याच्या उत्पन्नाच्या क्रमानं एका रस्त्यावर मांडलेले. चूल निवडली की डावीकडे तीन दगडांची चूल आणि उजवीकडे चकचकीत ओटा. दात घासायचा ब्रश, संडास, झोपायची जागा, काहीही निवडा. थोडा वेळ पाहिलं की ध्यानात येतं, वेगवेगळ्या खंडांतल्या गरीब घरांच्या चुली एकमेकींना जितक्या जवळच्या आहेत तितक्या आपल्याच देशातल्या श्रीमंत घराच्या ओट्याला नाहीत. फुग्यांचा आलेख पाहून 'माणसं कुठे आहेत?' असं विचारणाऱ्याला हे दिलेलं उत्तर आहे.

पण म्हणजे कळा फिरवता आल्या की झालं, असं नाही. कोणत्या कळा ठेवल्या हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. निकी केस आणि व्हाय हार्ट यांनी २०१४ मध्ये केलेला 'पॅरेबल ऑफ द पॉलिगॉन्स' हा खेळ त्यासाठी पाहण्याजोगा आहे. पटावर निळे चौकोन आणि पिवळे त्रिकोण विखुरलेले असतात. कुणाचाच स्वभाव वाईट नाही. प्रत्येकाची अट इतकीच, की शेजाऱ्यांपैकी एक तृतीयांश तरी आपल्यासारखे असावेत. ज्याची अट पुरी होत नाही तो तोंड पाडून बसतो. आपण त्याला उचलून रिकाम्या जागी ठेवायचं. भलं करण्याच्या हेतूनं आपण एकेकाला हलवत जातो आणि बघता बघता पटाचे दोन तट पडतात, एकीकडे सगळे चौकोन, दुसरीकडे सगळे त्रिकोण. त्यानंतर अट शून्यावर आणली तरी तट मोडत नाहीत, कारण आता हलायला कुणाला कारणच उरलेलं नाही. 'सगळेच शेजारी माझ्यासारखे असतील तर मला चालणार नाही' अशी उलटी अट थोडी घातली तरच पट पुन्हा मिसळतो. या मांडणीचं मूळ अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांच्या १९७१ च्या लेखात आहे. त्यांनी चौकटीच्या पटावर नाणी मांडून हाच विचार केला होता. लेख किती जणांनी वाचला असेल कुणास ठाऊक. हा खेळ शाळकरी मूलही दहा मिनिटांत समजून घेतं.

आता हा पट मुंबई-पुण्यातल्या घरांच्या शोधाला लावून पाहू. खेळात रिकामी जागा दिसली की कुणालाही तिथे नेऊन ठेवता येतं. आपल्याकडे दलाल आधी आडनाव विचारतो, मग 'काय खाता?' विचारतो आणि शेवटी 'सोसायटी परवानगी देत नाही हो, आमचं काही नाही' असं म्हणतो. भाडं परवडण्या-न परवडण्याचा प्रश्न तर वेगळाच. खेळात कुणी कुणाला नकार देत नाही, कुणाची ऐपत कमी पडत नाही, पिढ्यान् पिढ्यांचा इतिहास पटावर नाही. तट पडायला उघड द्वेष लागतोच असं नाही, हे खेळ चोख दाखवतो. पण आपल्या शहरांतले तट केवळ सौम्य आवडीनिवडीतून पडले, असं कुणी त्यावरून म्हणू लागला तर तो खेळाच्या तोंडी नसलेलं वाक्य घालतो आहे. समाधान इतकंच, की कर्त्यांनी खेळ सार्वजनिक मालकीचा करून ठेवला आहे. नकाराची, भाड्याची, आडनावाची कळ कुणालाही त्यात नव्यानं बसवता येईल. उलटतपासणीची ही वरची पायरी: समोरच्या चित्रात काय आहे हे विचारून झालं की त्यात कोणती कळच नाही हे विचारायचं.

कळ नसणं हे कधीकधी जिवावरचं असतं. करोनाच्या साथीत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा काळा-तांबडा डॅशबोर्ड २२ जानेवारी २०२० पासून १० मार्च २०२३ पर्यंत चालला. भारतात काही स्वयंसेवकांनी मार्च २०२० मध्ये 'कोविड१९ इंडिया' सुरू केलं. राज्य सरकारांची पत्रकं आणि ट्वीट यांत विखुरलेले आकडे ते वेचायचे, ताडून पाहायचे, जिल्हावार लावायचे आणि सगळी माहिती कुणालाही उतरवून घेता येईल अशी मोकळी ठेवायचे. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी काम थांबवलं. नागरिकांनी केलेलं इतकं शिस्तीचं सार्वजनिक काम आपल्याकडे क्वचितच झालं असेल. तरीही त्या आलेखांत फक्त मोजले गेलेले मृत्यू होते. जे मोजलेच गेले नाहीत ते आलेखात येणार कुठून? जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये अंदाज दिला, की २०२० आणि २०२१ मिळून भारतात साथीमुळे नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले. सरकारी नोंद त्या काळात सुमारे ४.८ लाखांची होती. भारत सरकारनं त्या अंदाजाची पद्धतच अमान्य केली. कोण किती बरोबर, हा वाद इथे सोडवता येणार नाही. पण वाद घालता आला तो दोन्ही बाजूंचे आकडे आणि रीत मांडलेली होती म्हणून. अशा वेळी 'सगळे आलेख खोटेच असतात' असं म्हणून हात झटकणारा माणूस स्वतःला फार शहाणा समजतो. खरं तर तोही तपासणी टाळतोच आहे. उलटतपासणीत साक्षीदार निर्दोषही ठरतो, आणि बहुतेकदा तसंच घडतं.

या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप आहे. चित्राची ताकद झटक्यात कळण्यात असते. प्रत्येकानं स्रोत, अक्ष, पद्धत पाहत बसायचं तर चित्र हवं कशाला, तक्ता काय वाईट? इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये काढलेले तापमानाचे पट्टे या आक्षेपाच्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा. एका वर्षाचा एक उभा पट्टा. सरासरीपेक्षा थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल. ना अक्ष, ना आकडे, ना शब्द. डावीकडे निळाई, उजवीकडे तांबडा भडका, एवढ्यानं तापणाऱ्या पृथ्वीची गोष्ट कळते. लोकांनी ते टायवर, मफलरवर, भिंतींवर काढले. मग माझा आग्रह पोकळ ठरतो का?

नाही ठरत. हॉकिन्स यांनी चित्र उघडंबोडकं ठेवलं, पण पुढच्या वर्षी त्यासाठी स्वतंत्र स्थळ केलं. तिथे आपला देश निवडता येतो, पट्ट्यांऐवजी आकड्यांचे स्तंभ मागता येतात, माहिती कुठून घेतली हे वाचता येतं. शंभरातल्या नव्वद जणांनी नुसते पट्टे पाहिले तरी बिघडत नाही. ज्या दहांना शंका आली त्यांच्यासाठी दार उघडं आहे, आणि ते उघडं आहे हे ठाऊक असल्यामुळेच उरलेल्या नव्वदांचा विश्वास आंधळा राहत नाही. लोकशाहीत प्रत्येक नागरिक अंदाजपत्रक वाचत नाही, पण ते वाचता येणं गरजेचं असतं, हे तसंच. स्क्रीनशॉटचा दोष हा, की तो त्या दहा जणांचंही दार लावून घेतो.

हे दार कायमचं उघडं राहील याचीही हमी नाही. आयबीएमनं २००७ मध्ये काढलेलं 'मेनी आइज' हे स्थळ, जिथे कुणीही आपले आकडे आणून चित्र करू शके, २०१५ मध्ये बंद झालं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्याआधीच्या दशकातली असंख्य हलती-बोलती चित्रं कुठल्याही साध्या ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्था पानं साठवतात, पण पानामागचा चालता आकड्यांचा साठा नेहमीच हाती लागतो असं नाही. म्हणून जे स्थळ आपले आकडे साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घेऊ देतं ते जास्त भरवशाचं. ऑक्सफर्डमधून चालणारं 'अवर वर्ल्ड इन डेटा' जवळजवळ प्रत्येक आलेखाखाली ही सोय देतं, आणि नाव सांगून तो आलेख कुणीही पुन्हा छापावा अशी परवानगीही देतं. चित्र मेलं तरी आकडे उरतात आणि त्यातून नवं चित्र निघतं.

मराठीत या सगळ्याचं काय? आपल्याकडे छापलेल्या चित्राखाली 'सौजन्य : इंटरनेट' लिहिण्याची रीत पडली आहे. पुस्तकाच्या तळटीपेत 'संदर्भ : ग्रंथालय' लिहावं तसं हे झालं. परक्या भाषेतला आलेख जसाच्या तसा उचलायचा, वर मराठी मथळा चिकटवायचा, खालची स्रोताची ओळ कापायची, ही कामाची पद्धत होऊन बसली आहे. यामागे अडचण साधनांची नाही. 'डेटारॅपर'सारख्या फुकट वापरता येणाऱ्या साधनात देवनागरीत आलेख करता येतो, त्यात स्रोताची ओळ लिहायला जागा असते आणि वाचकाला आकडे उतरवून घेण्याचा दुवाही देता येतो. कमी आहे ती सवयीची, आणि वाचकांकडून येणाऱ्या तगाद्याची.

नोंद कशी ठेवावी याचा धडा मात्र मराठीतच आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर त्या आता टप्प्याटप्प्यानं येतात. तिथे ओवी 'लोकपरंपरा' अशा मोघम खात्यात पडत नाही. कुणी गायली, कोणत्या गावात, कोणत्या तालुक्यात, हे तिच्याबरोबर येतं. दळणारी बाई तिथे नावानिशी उभी असते. अशा नोंदींवरून गावनिहाय नकाशा काढता येईल, विषयवार चित्र करता येईल, आणि ते पाहून कुणी 'कशावरून?' म्हणालं तर त्याला थेट त्या बाईच्या आवाजापर्यंत नेता येईल. याच शिस्तीनं पर्जन्यमापकांच्या, बाजारभावांच्या, एसटीच्या फेऱ्यांच्या, शाळांच्या पटाच्या नोंदी मराठीत मांडल्या, तर तालुक्याच्या गावातल्या मुलीला जगाचे फुगे पाहण्याआधी आपल्या तालुक्याचं चित्र काढता येईल. भूगोलाच्या तासाला तयार नकाशात रंग भरण्यापेक्षा हे काम मोलाचं आहे. एकाच माहितीचे दोन नकाशे काढायचे आणि ते दोन वेगळ्या गोष्टी का सांगतात, हे पाच ओळींत लिहायचं, एवढा एक स्वाध्याय पुरे.

ते होईल तेव्हा होवो. आजपासून करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे: आलेख आवडला तर त्याचा फोटो नव्हे, दुवा पुढे पाठवावा, आणि नुसता फोटो आला तर पाठवणाऱ्याला दुवा मागावा. मागितल्यावर मिळाला नाही, तर त्या चित्राला ऐकीव गोष्टीइतकीच किंमत द्यावी. घरच्या ग्रुपवर काकांना असं विचारणं थोडं जड जाईल, हे खरं. पण लेखी दाव्याला आपण जो प्रश्न बेधडक विचारतो त्यातून रंगीत दाव्याला सूट देण्याचं काही कारण नाही. चित्र खरं की खोटं हे पुढे ठरेल. आधी ते उत्तर द्यायला हजर असलं पाहिजे.